दोन आन् चार

आमच्या बाबांना टाळी वाजवता येत नसे.
भीमजयंतीला अख्खी गल्ली एकावर वाजवी,
हे दोनवर. मग चारवर.
आई कोपराने ढोसायची : लोकं पाहून राह्यले.

सुपडू तायडे, क्लीनर, लोको शेड, भुसावळ.
दिवसा इंजिनाच्या पोटातली राख ओढायची,
संध्याकाळी फॅरेल ड्रायव्हरचा कुत्रा फिरवायचा,
आठवड्याला आठ आणे.
कुत्रा मेला. जाणं चालू राहिलं.

ओसरीवर साहेबाच्या मांडीवर
गोल, पांढरं, लांब मानेचं काहीतरी असायचं.
बाबा म्हणाले, साहेब, ही तर हलगी.
हिला दांडा कोणी लावला?
साहेब इतका हसला म्हणे, की चिरूट पायावर पडला.

आजाची हलगी छप्पन साली विहिरीत गेली होती.
गावच्या मयतीपुढे वाजवणं वस्तीने सोडलं,
त्या रात्री आजा जेवला नाही, पण हसत होता.
कातडं किती ताणायचं, कुठे थांबायचं,
हे तेवढं बाबांच्या बोटांत राहून गेलं.

एकसष्टच्या मे महिन्यात बँजोचं कातडं फाटलं.
सत्तेचाळीस डिग्री. रुळसुद्धा कण्हत होते.
मुंबईहून नवं यायला महिना लागला असता,
बाबांनी रात्रीतून शेळीचं मढवलं.
त्या नाताळात इन्स्टिट्यूटच्या लाकडी फरशीवर
गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या बायका टाचा झिजवत होत्या,
पुढे कॉर्नेट, ट्रॉम्बोन,
आणि मागे, खांबाआड, उसन्या कोटात माझा बाप :
छक्-छक्, छक्-छक्,
मालगाडी सांधा ओलांडते तसा.

खांबाआड का, मी विचारलं होतं.
आवाज तिथून बरा जायचा, म्हणाले.
पुढे विचारलं नाही.

मग घरं एकेक करून पर्थला गेली, मेलबर्नला गेली.
ट्रॉम्बोन गेला, कॉर्नेट गेला.
पियानो सावद्याच्या केळीवाल्याने घेतला,
त्यावर आता टीव्ही आहे.
फॅरेल जाताना बँजो देऊन गेला आणि एक रीत :
माणूस पोचवायला जाताना सावकाश,
परतताना जोरात.

एकदा लग्नसराईत वरणगावच्या बेंजो पार्टीने बोलावलं.
पेटी उघडली, पोरं वाकून पाहू लागली.
"काका, बटना कुठी हायेत याच्या?"
हा बेंजो नाहीच, म्हणाले.
बाबा म्हणाले, हाच आहे.
दोघांचंही बरोबर होतं. नऊशे रुपये बुडाले.

चौऱ्याण्णवला ग्लेडिसबाई वारल्या,
रेल्वे टेलिफोनवरच्या, त्या लोकांतल्या शेवटच्या.
बाबांनी पेटी काढली तशी चुलती दारात आडवी.
मयतीपुढे वाजवायचं सोडलं ना आपण? कशापायी सोडलं?
बाबा खुंट्या पिळत राहिले.
तवा गाव सांगे म्हणून वाजवत होतो, वहिनी.
हे मले कोनी सांगितलं नाही.

पाच माणसं, एक पाद्री, एक मी.
जाताना एकेक तार, मध्ये इतकी जागा
की यार्डातलं शंटिंग ऐकू येई.
फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी बाह्या सारल्या
आणि भर उन्हात, रेल्वेच्या भिंतीकडेने,
बापरे.
कलिंगडवाला उभा राहिला.
शाळेतून येणारी पोरं मागे लागली.
मी टाळी धरली, आणि बाबांनी वळून पाहिलं,
कारण ती दोनवर होती.

बँजो आता माझ्या कपाटावर असतो.
हिवाळ्यात कातडं मऊ पडतं, मी नट आवळते,
वैशाखात सैल करते. वाजवता येत नाही.
शाळेच्या परिपाठाला समूहगीत सुरू होतं,
सगळी शाळा एकावर.
हेडमास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.